दादाचा आवाज तीन मशीनवर

डॉक्टरांनी दादाच्या ऑपरेशनची तारीख दिली त्या दिवशी पुण्याहून परत येताना लोकलमध्येच मी यादी करायला घेतली. यादी केल्याशिवाय मला विचार करता येत नाही. कागदावर वर लिहिलं, ‘दादाला नंतर काय काय बोलावं लागेल’, आणि खाली एकेक वाक्य मांडत गेले. तळेगाव आलं तेव्हा पान भरलं होतं.

माझ्या थोरल्या भावाला घशाचा कॅन्सर झाला होता आणि त्याचं स्वरयंत्र काढणार होते. त्यानंतर तो गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घेणार; बाकी जेवणार, शेतात जाणार, सगळं करणार. फक्त बोलणार नाही. मी ठरवलं की त्याच्या आवाजातली वाक्यं आधीच रेकॉर्ड करायची आणि असा प्रोग्राम लिहायचा की बटन दाबलं की दादा बोलेल. मशीनच्या परक्या आवाजात नाही, त्याच्या स्वतःच्या. माझ्या हातात तेवढंच होतं.

माझा धंदाच त्याच्या जवळपासचा आहे. एका प्रकारच्या संगणकासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर चालेल असा करून देणं, हे काम मी वराळ्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये बसून गेली कित्येक वर्षं करते आहे. लोकांना वाटतं संगणक म्हणजे संगणक. तसं नसतं. फाइलचा पत्ता लिहिताना विंडोज तिरकी रेघ एका बाजूला झुकवतं, लिनक्स दुसऱ्या. एकाला लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरं एकच वाटतात, दुसऱ्याला ती दोन वेगळी नावं. ओळ संपली हे सांगायच्या दोघांच्या खुणासुद्धा वेगळ्या. प्रत्येकाची आपापल्या घरची रीत असते आणि ती सगळीकडे तशीच असणार असं धरून चालणारा माणूस फसतो. माझा पगार या फसण्यावर चालतो.

दादा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. लोणावळ्याजवळ भाज्याला आमची थोडी भातशेती आहे, ती तो बघायचा. लेण्यांकडे येणाऱ्या पर्यटकांसाठी घरामागे तीन खोल्या बांधल्या होत्या, त्या तो आणि वहिनी चालवायचे. पण मावळात त्याला ओळखत ते आवाजावरून. बैलगाड्यांच्या घाटात तो माइकवर असायचा. ज्यांनी घाट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: चढाचा रस्ता, गाड्याला चार बैल, पुढे घोडी, गाड्यावर कोणी नाही. सुटला की काही सेकंदांत वर. तेवढ्या सेकंदांत निवेदकाने गाडामालकाचं नाव, गावाचं नाव, बैलांची नावं आणि किती सेकंदांत बारी, म्हणजे ती एक धाव, झाली ते सगळं सांगायचं असतं. ज्याची जीभ गाड्याबरोबर पळत नाही त्याला माइक मिळत नाही. दादाची पळायची. इतकी की घरीसुद्धा त्याला हळू बोलता यायचं नाही.

“वाढ वाढ वाढ, आमटी सुटली, भाकरी मागनं निगाली, आमटीनं निशान गाठलं, भाकरी मागं ऱ्हायली, आरारारा!” असं तो ताटावर बसून म्हणायचा.

“जेवा गप,” वहिनी म्हणायची. “घाट उतरा आता.”

पण रेकॉर्डिंगला आम्ही बसलो तेव्हा वर्षभर त्याचा आवाज बसलेलाच होता. ‘धुरळा गेलाय घशात’ म्हणून त्याने ते अंगावर काढलं होतं. आता तो घोगरा, जड आणि सावकाश बोलायचा. दर वाक्याला थांबावं लागायचं. मागच्या खोलीत आम्ही खिडकीवर गोधडी टांगली, हायवेचा आवाज येऊ नये म्हणून, आणि मी यादी वाचायला लागले.

“पाणी दे. दुखतंय. उशी वर कर. औषध झालं. चहा दे. चहा नको.”

दादाने माइककडे न बघता माझ्याकडे बघितलं. “बाय, दवाखान्याची यादी केलीस व्हय? मी काय हातरुणाला खिळणार हाय?”

“गरजेचं आधी घेऊ. वेळ उरला तर बाकीचं.”

“बाकीचं म्हंजीच गरजेचं. लिही. ‘ओ पाव्हणं, गाडी काढा. हितं भाताचं खाचर हाय, पार्किंग न्हाई.’”

दारातून वहिनी म्हणाली, “आन् माज्याशी बोलायला काय घेतलंय का न्हाई, वन्सं?”

“तुज्यासाठी हाय की,” दादा म्हणाला. “‘मीठ कमी पडलंय.’”

“ते तर तुमी नुसतं डोळ्यानं बी म्हनता.”

तो हसला आणि हसण्याचा खोकला झाला, तो बराच वेळ थांबला नाही. नंतरच्या काही दुपारी आम्ही असंच करत राहिलो. माझी यादी संपली, त्याचीही. शेवटी मी त्याला हेडफोन लावून ऐकवलं. त्याने डोळे मिटून ऐकलं, हेडफोन काढला आणि विचारलं, “ह्यो कोन म्हातारा?”

मला वाटलं गंमत करतोय. तो करत नव्हता.

“घाटातले व्हिडिओ हायत की लोकांकडं,” तो म्हणाला. “त्यातला माजा आवाज काढून घे ना.”

मी ते करून पाहिलं. पाहुण्यांकडून, गाडामालकांकडून बरेच व्हिडिओ मागवले. पण त्याच्या आवाजावर ढोल, भोंगे आणि हजार माणसांची ओरड चढलेली; ती सोलून काढता येत नव्हती. आणि काढली असती तरी त्यात तो बैलांची नावं घेत होता. ‘चहा नको’ असं त्यात कुठेच नव्हतं. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, “मग ऱ्हाऊ दे म्हातारा.”

ऑपरेशन नीट झालं. दवाखान्याने गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दाखवलं, त्यातून यंत्रमानवासारखा एकसुरी आवाज निघतो. त्याने एकदा लावलं, वहिनीकडे बघितलं, आणि ते कपाटात गेलं. बोलायचं असेल तेव्हा तो पाटीवर लिहायचा.

प्रोग्राम मी माझ्या लॅपटॉपवर लिहिला होता. तिथे तो पहिल्या दिवसापासून छान चालायचा. आमच्या क्षेत्रात ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे वाक्य चेष्टेनेच म्हणतात. लॅपटॉप ऑफिसचा, तो भाज्याला ठेवता येत नव्हता. तिथे खोल्यांच्या बुकिंगसाठी एक जुना संगणक होता. विंडोज त्याला जड व्हायला लागलं म्हणून मीच त्यावर लिनक्स टाकलं होतं. मी प्रोग्राम तिथे नेला आणि बटन दाबलं. काहीच नाही. तिरक्या रेघा बदलल्या, फाइलींच्या नावातली मोठी अक्षरं लहान केली, विंडोजचीच असलेली आवाज वाजवायची सोय काढून दुसरी बसवली. संध्याकाळी आवाज आला. मी आटोपून वराळ्याला परतले.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन.

“वन्सं, ह्यांना चहा किती द्यायचा?”

“का?”

“सकाळधरनं बटान दाबत्यात, ‘चहा’ म्हनतंय. मी देती. पुन्यांदा ‘चहा’. चार झाले. आता कप बघून कपाळाला हात लावून बसल्यात.”

तो ‘चहा नको’ दाबत होता. विंडोजवर माझा प्रोग्राम वाक्य पुरं वाजेपर्यंत थांबायचा. लिनक्सवर आवाज पुढे ढकलला की लगेच दार लावून घ्यायचा, त्यामुळे वाक्याचं शेपूट कापलं जायचं. आपल्या भाषेत ‘नको’ आणि ‘नाही’ शेपटाशीच असतं. पुढच्या शनिवारी मी जाऊन दुरुस्त केलं. दादाने पाटीवर लिहून ठेवलं होतं, ‘आज पाच.’

पण दुरुस्तीनंतरही तो ते फारसं वापरेना. संगणक पडवीत त्याच्या खुर्चीशेजारी होता, बटनांवर मी चित्रं चिकटवली होती, अक्षर मोठं केलं होतं. काहीतरी गैरसोयीचं असेल म्हणून मी प्रत्येक वेळी काही ना काही बदलायची. शेवटी वहिनीने मला मोरीशी गाठून हळूच सांगितलं, “तुमच्या यंत्राचं काय बी चुकलेलं न्हाई. त्यांला त्यो आवाज नगं वाटतो. म्हातारा घरात बोलतोय म्हनून लिवत्यात. कुनी आलं आन् मी नसले, तरच आवाज बारीक करून दाबत्यात.”

म्हणजे त्याला बोलतं करायला केलेल्या खटाटोपाने तो आणखी गप्प झाला होता. तांत्रिक अडचण असती तर मी तिचा पाठपुरावा केला असता. हिला प्रोग्राममध्ये दुरुस्ती नव्हती.

तरी काम अर्धं सोडायची सवय नाही, म्हणून फोनवरचं राहिलं होतं ते हातात घेतलं. शेतात गेल्यावर संगणक कुठे नेणार? वहिनीच्या फोनवर तो प्रोग्राम बसवायचा होता. पुन्हा निम्मं लिहावं लागलं. पुरं झाल्यावर पडवीत बसून मी सहज एक बटन दाबलं.

“ओ पाव्हणं, गाडी काढा. हितं भाताचं खाचर हाय, पार्किंग न्हाई!”

दादा खुर्चीतून अर्धा उठला. तो त्याचा आवाज होता. म्हातारा नव्हता त्यात. वरच्या पट्टीतला, पळता, घाटातला. त्याने फोन माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा दाबलं, मग दुसरं, मग तिसरं. वहिनी पिठाचे हात घेऊन आतून धावत आली आणि उंबऱ्यातच थांबली. “कोन बोललं?” ती म्हणाली. मग फोन बघितला आणि तिथेच खाली बसली.

कारण मला अर्ध्या मिनिटात कळलं. संगणकाच्या लेखी आवाज म्हणजे आकड्यांची रांग. ती रांग सेकंदाला किती आकडे या वेगाने वाजवायची, ते वेगळं सांगावं लागतं. मी ते सांगितलंच नव्हतं. लॅपटॉपने आणि लिनक्सने आपापल्या रीतीने जो वेग धरला तो योगायोगाने रेकॉर्डिंगचाच होता. फोनची रीत त्याहून जलद होती. त्यामुळे प्रत्येक वाक्य थोडं लवकर संपत होतं आणि आवाज थोडा वर चढत होता. आजाराने जेवढा वेग नेला होता जवळपास तेवढाच माझ्या चुकीने परत दिला होता.

“ही चूक आहे, दादा,” मी म्हटलं. “नीट करून देते.”

त्याने माझं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने पाटी ओढली आणि लिहिलं, ‘हात लावशील तर बघ.’

मग संगणकावरही तीच चूक मुद्दाम करून द्यावी लागली. त्यानंतर घर पुन्हा बोलायला लागलं. घाटातला एक जुना भोंगा त्याने माळ्यावरून काढला आणि संगणकाला जोडून घेतला. शनिवार-रविवारी कोणी बांधाला गाडी लावली की पडवीतून आवाज सुटायचा आणि मुंबईची माणसं दचकून आजूबाजूला बघायची. गावातली माणसं वाटेवर थांबून ओरडायची, “दादा, पुन्यांदा व्हऊ द्या!” तो पुन्हा दाबायचा. शेजारच्या आबांनी एकदा विचारलं, “काय रं, आवाज आला का परत?” दादाने मान हलवली, ‘व्हय’ म्हणून, आणि छाती पुढे काढली.

हे फार दिवस टिकलं नाही. आजार उलटला तो फुप्फुसात. शेवटच्या आठवड्यांत दवाखान्यात फोन त्याच्या उशाशी असायचा, पण तो दाबायचा नाही. मी एकदा त्याचं बोट बटनावर नेलं. त्याने हळूच काढून घेतलं आणि माझा हात तसाच धरून ठेवला. माझ्या पहिल्या यादीतलं सगळं तेव्हा खरोखरच लागत होतं: पाणी, उशी, दुखणं. त्यातलं एकही वाक्य त्याने त्या पळत्या आवाजात म्हटलं नाही. भाताची कापणी चालू होती त्या दिवसांत तो गेला.

नंतर करायची कामं मी केली. दाखले, बँक, वारसनोंद. कामं होती तोवर बरं होतं. संगणकावरचा प्रोग्राम मी उघडला नाही, कोणी ‘उघड’ असं म्हटलंही नाही.

साल उलटल्यावर वहिनीचा फोन बिघडला. लोणावळ्याच्या बाजारातून तिने नवा आणला आणि मला बोलावून घेतलं. “जुन्यातलं सगळं आलं ह्याच्यात, वन्सं. फोटू आले, नंबर आले. तेवढं ह्यांचं बोलनं आलं न्हाई.”

नव्या फोनवर जुने प्रोग्राम चालत नाहीत. ठरावीक काळानंतर ते घ्यायचंच बंद होतं. यात नवल काही नाही, माझ्या कामात हे रोजचं आहे. पण त्या दिवशी मी ओसरीवर लॅपटॉप उघडून बसले तेव्हा पुढचा हिशोब दिसला. दर काही वर्षांनी फोन बदलणार आणि दर वेळी मला दादाला एका घरातून दुसऱ्या घरात न्यावं लागणार, हे मला तोपर्यंत जाणवलं नव्हतं. आणि माझ्यानंतर नेणारं कोणी नाही.

नव्या पद्धतीत वेग मोघम ठेवता येत नाही. आकडा लिहावाच लागतो. त्या ओळीवर मी थांबले. वहिनी शेजारी तांदूळ निवडत होती.

“तोच ठेवते ना वेग?” मी विचारलं. “घाटातला?”

“म्हंजी? त्यो पयला बी हाय अजून?”

तिला वाटलं होतं पहिला आवाज मी पुसून टाकला; तिला कधी कोणी नीट सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. जो आवाज ती फोनवर ऐकत होती तो माझ्या चुकीने तसा झालेला, रेकॉर्ड केला तो वेगळा.

तिने सुपातला हात थांबवला. “मग खरा लावा.”

“त्याला तो आवडत नव्हता, वहिनी.”

“त्यांला नव्हता.” तिने सूप बाजूला ठेवलं. “घाटातला आवाज सगळ्या मावळानं ऐकलाय. अजून बी लोकांच्या फोनमदी हाय. ह्यो बोलायच्या शेवटच्या वर्साचा कुनी ऐकलाय? रातचं पाय दाबताना ह्याच आवाजात बोलायचे माज्याशी. ह्यो माजा हाय.”

मी खरा आकडा लिहिला. प्रोग्राम चढवला आणि फोन तिच्या हातात दिला. तिने ‘मीठ कमी पडलंय’ दाबलं. घोगरा, जड, दमलेला दादा बोलला. मला बाहेर बघावं लागलं. ती फोनकडे बघत होती. पुन्हा दाबलं, आणि तिच्या कपाळावर आठी आली.

“सुरवात कुटं गेली?”

“कसली?”

“बोलायच्या आदी दम घ्यायचे की. छातीत खरखर व्हायची, मग बोलायचे. ती कुटंय?”

ती मी कापली होती. बटन दाबल्याबरोबर आवाज यावा, माणसाला ताटकळत बसावं लागू नये, म्हणून प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीची शांतता मी आधीच छाटून टाकली होती. कोणीही तेच केलं असतं. मी तिला तसं सांगितलं.

“मला कुटं घाई हाय?” वहिनी म्हणाली.

मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. मी एकेक फाइल पुन्हा घेतली, काही न कापता. गोधडीआडून येणारा हायवेचा आवाज, खुर्ची करकरते ती, मी ‘हं, बोल’ म्हणते ते, सगळं तसंच राहू दिलं. अंधार पडायच्या आत काम झालं आणि वहिनीने मला भात खाऊन जा म्हणून थांबवलं.

माझ्या लॅपटॉपवर मात्र मी तीच चूक करून घाटातला दादा ठेवला आहे. एका प्रोग्रामने सगळ्या मशीनवर सारखंच वागावं, हे मी कामावर येणाऱ्या नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगते. इथे ते मला लागू करावंसं वाटत नाही. त्याने स्वतः निवडलेला आवाज कुठेतरी असायला हवा.

वहिनीच्या फोनवर आता बटन दाबलं की आधी काहीच ऐकू येत नाही. मग खरखर होते, एक लांब श्वास येतो आणि त्यानंतर शब्द. वहिनी फोन कानाशी धरते आणि तेवढा वेळ थांबते.